चौथा नोझल

पुलमनच्या टेकड्या बाहेर अजून राखाडी,
मार्च संपत आला तरी कडेकडेने मळका बर्फ.
काचघरात मात्र उकडतंय.
दोनशे अठ्ठ्याऐंशी खणांत मसूर,
प्रत्येकाच्या पायाशी पांढरी चिठ्ठी,
आणि माझ्या हातात पेन्सिल:
एक म्हणजे हिरवा, नऊ म्हणजे मेला.

फवारून एकवीस दिवस झाले.
आमच्याकडे याला औषध म्हणायचे.
औषध मारलंय गं, आत जाऊ नका,
कुणीतरी बांधावरून ओरडायचं
आणि आम्हा पोरींना त्यात काही खटकायचं नाही.

नऊ. नऊ. आठ. नऊ.
आधी शेंडा पिवळा, मग जांभळट, मग कागद.
मसूर मुळात बुटका, त्याची सावली ती केवढी,
रानटी कॅमोमाइल त्याच्या डोक्यावर चढून बसतं,
आणि गव्हाला दिलेलं गेल्या सालचं औषध
मातीत दबा धरून ह्याचंच नरडं आवळतं.

मर्ल हॉगस्टॅड परवा येऊन गेला, गारफिल्डचा.
सहाशे एकर, दोन्ही गुडघे बदललेले.
म्हणाला, चमत्कार नको मला,
एक फवारा सोसेल एवढा मसूर दे.

सोसेल.
तो इंग्रजीत बोलला, मी मराठीत ऐकलं
आणि शब्द कुसळासारखा आत राहिला.
आमच्या घरात सोसणाऱ्या बाईचं
केवढं कौतुक असायचं, जेवणं उरकल्यावर.
म्हणून वहीत मी सहनशील असं लिहीत नाही.
आकडा लिहिते.

खण एकशे सत्तेचाळीस.
दोन.
चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. दोनच.
आणि वर एक फूल, निळसर,
तांदळाच्या कणीएवढं.
मी ओरडले असणार, कारण मिरेन धावत आली,
हातात अर्धं सँडविच,
आणि आम्ही दोघी उगीचच कुजबुजत बोलू लागलो.

डॉक्टर विटकॉम्ब आले, वाकले, म्हणाले,
शेजारचे बघितले का?

शेजारचा चार. पलीकडचा पाच.
त्या अख्ख्या पट्टीत सगळेच थोडे बरे.
चौथा नोझल उघडला:
आत पांढरी खर, अर्धं तोंड बंद.
औषध नीट पोचलंच नव्हतं.
सोसायला फारसं काही नव्हतंच.

मिरेनने सँडविच संपवलं.
मी दोन खोडला नाही. शेजारी लिहिलं: शंका.

घरी आले, ताटात मसूर घेतले निवडायला.
इथल्या पिशवीत खडा निघत नाही,
तरी बोटं फिरतात, सवयीने.
दिवसभर तेच, रात्रीही तेच,
निवडणं.
फक्त इथे टाकायचं थोडं असतं
आणि तिथे ठेवायचं.

जुलै.
एकशे सत्तेचाळीसने एकोणीस बिया दिल्या होत्या,
शेजारच्याने बावीस.
नोझल मी स्वतः दातांच्या ब्रशने घासला,
पाणी सोडून मापात मोजला, दोनदा.
मग पूर्ण मात्रा, सगळ्यांना सारखी.
शेजारच्याची पोरं आठवड्यात गेली, सगळी.
ह्याची चौदा गेली.
पाच उरलीत,
वाळत नाहीत, हिरवीही म्हणवत नाहीत,
शेंडा गेलाय, पण बुडाशी, मातीच्या अगदी कडेला,
काहीतरी टोचून वर येतंय.
कोंब असेल. पुन्हा एखादी चूकही असेल.

मर्लचा फोन आला: काही?
त्याचं शेत रस्त्यावरून दिसतं मला,
कॅमोमाइल फुललंय,
उन्हात बर्फ पडल्यासारखं.
म्हटलं, अजून अकरा दिवस.
तो म्हणाला, दिवस ना? वर्षं नाहीत ना?
मी पेन्सिलला टोक करत होते.
म्हटलं, आत्तापुरते दिवस.